पाचातले दोन

सोमवार, ५ फेब्रुवारी

छातीत धडधडतं म्हणून परवा डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी तपासलं, कागदाची पट्टी काढली आणि म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे, तुम्ही भिता फार. गोळी दिली नाही. भीती वाटली की वहीत लिहायचं, त्या वेळी काय चाललं होतं तेही लिहायचं, एवढंच औषध.

तर ही वही. जेवणाच्या सुट्टीत तराजूच्या खोलीत बसून लिहायचं ठरवलंय. इथे फारसं कोणी येत नाही, आणि जो येतो तो दबकत येतो, कारण जोरात श्वास सोडला तरी तराजूचा आकडा हलतो.

आज भीतीला कारण आहे. मोठ्या बाईंनी (प्रयोगशाळा त्यांची, आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली) नवीन काम माझ्या गळ्यात घातलं. दवाखान्याला एका औषधाचं स्टँडर्ड, म्हणजे ताडून बघायचं पक्कं माप, हवंय. मूत्रपिंड बदललेल्या माणसांना ते औषध जन्मभर घ्यावं लागतं, नाहीतर शरीर परकं मूत्रपिंड ओळखतं आणि झिडकारतं. औषध कमी पडलं तर मूत्रपिंड जातं, जास्त झालं तर माणूस साध्या सर्दीनेही आडवा होतो. म्हणून रक्तात ते किती आहे हे सारखं मोजत राहायचं. मोजायला आमची बाटली लागते. तिच्यात तेच औषध असतं, फक्त त्यातले काही हायड्रोजन काढून त्यांच्या जागी ड्यूटेरियम बसवलेला असतो. ड्यूटेरियमही हायड्रोजनच, पण वजनाने दुप्पट. रक्ताच्या प्रत्येक नमुन्यात हे जड औषध ठरलेल्या मापाने टाकायचं आणि त्याच्याशी ताडून साधं किती ते काढायचं. अण्णांना, माझ्या वडिलांना, मी सांगते की आम्ही मोजपट्ट्या विकतो. ते शेजाऱ्यांना सांगतात, मुलगी शिवणकामाच्या सामानात आहे.

जुन्या पद्धतीत आम्ही ड्यूटेरियमवाल्या आम्लात चार दिवस उकळायचो, आणि ड्यूटेरियम बसायचा तो फक्त सैल जागांवर. तिथे तो पटकन जातो आणि पटकन निघतो. आता उत्प्रेरक वापरायचा. कोळशाच्या काळ्या पुडीवर बसवलेले पॅलेडियम आणि प्लॅटिनम, जोडीला ड्यूटेरियमचं जड पाणी, थोडासा हायड्रोजन, आणि झाकण आवळलेलं पोलादी भांडं. एका दिवसात घट्ट जागाही भरतात. बाई म्हणाल्या, तूच कर, तुझा हात जपून चालतो. जपून चालत नाही, थरथरतो. दोन्हीत फरक आहे हे त्यांना कोण सांगणार?

गुरुवार, ८ फेब्रुवारी

भांडं उघडलं. पूड गाळताना ती ओली ठेवावी लागते. हायड्रोजन प्यालेली ती पूड गाळणीवर कोरडी पडली की आपोआप पेटते. मला ज्यांनी हे काम शिकवलं त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर नखं नव्हती. मी शेवटपर्यंत पाण्याची पिचकारी सोडली नाही. कडेला एक ठिणगी चमकली, पाण्यात विझली. मी ओरडले नाही, पण नंतर बराच वेळ हूडची, त्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच धरून उभी होते.

दशांशने नमुना यंत्रावर लावला. यंत्र सांभाळणारा मुलगा तो. त्याला सगळे दशांश म्हणतात, कारण चहा किती हवा विचारलं तरी तो अर्धा कप म्हणत नाही, शून्य पॉइंट पाच म्हणतो. तो कागद घेऊन आला आणि म्हणाला, “ताई, पाच बसलेत. चार पॉइंट नऊ तीन.”

पाच! मी स्वतः जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून त्या हसल्याचं मला आठवत नाही. आज धडधड नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

बाटल्या रवाना झाल्या. एक राखीव म्हणून आमच्या कपाटात ठेवली.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण लिहायचंच असं ठरलंय. पद्धतीच्या कागदावर शेवटची पायरी अशी आहे: माल साध्या आम्लात दोन दिवस ढवळायचा, सैल जागांवरचे ड्यूटेरियम धुऊन काढायचे आणि घट्ट तेवढेच ठेवायचे. औषधाच्या रेणूत दोन वलयं आहेत. लांबच्या वलयावर तीन घट्ट बसतात, आणि ज्या वलयाला ऑक्सिजन चिकटलाय त्याच्यावर दोन सैल. म्हणजे धुतल्यावर पाचाचे तीन झाले असते.

मी धुतलं नाही. दवाखान्याचा सकाळी दोनदा फोन आला होता, त्यांची आधीची बाटली संपत आली होती. आणि बाईंना मी पाच सांगितले होते. आता तीन कोणत्या तोंडाने सांगायचे? दवाखान्यात फ्रीज असतो, थंडीत सैलसुद्धा जागचं हलत नाही. कागदावर त्या पायरीसमोर मी बरोबरची खूण केली. बाईंनी खाली सही केली, वाचलंही नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे असं नव्हे, त्यांना घाई असते.

शुक्रवार, १ मार्च

विशेष काही नाही. अण्णांचा रक्तदाब जरा चढलाय. दवाखान्याकडून तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे, की अजून कोणाच्या लक्षात आलं नाही? हा विचार जिना चढताना आला, म्हणून लिहिला.

गुरुवार, ७ मार्च

आज दशांश रजेवर. महिन्याची तपासणी होती, म्हणून राखीव बाटली मीच लावली. दवाखाना वापरतो तसंच पातळ करून, त्यांच्याच आम्लाच्या द्रवात, तीन आठवडे ठेवलेला नमुना.

पाच नाहीत. पाचांची रेघ अर्ध्यावर आलीय. शेजारी चाराची आणि तिनाची रेघ उभी राहिलीय.

दोन सैल जागा रिकाम्या होत चालल्यात. यंत्राला पाच ड्यूटेरियमवालंच जड औषध मोजायला सांगितलेलं असतं, ते कमी दिसलं की त्याला वाटतं रक्तातलं साधं औषध जास्त आहे. मोजपट्टी आखडली की कापड लांब भरतं, तसंच. रोग्याच्या अंगात औषध पुरेसं असेल, नाहीतर कमीच असेल, आणि कागदावर जास्त दिसेल. मग डॉक्टर गोळी कमी करतील.

पण त्यांचा फ्रीज. त्यांनी फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर काहीच झालं नसेल.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी जाताना बसमध्ये समोरच्या माणसाच्या हातावर सुईच्या खुणा दिसल्या. तो उतरेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते.

शुक्रवार, ८ मार्च

दशांश जेवायला गेला तेव्हा पुन्हा लावलं. तेच आलं.

यंत्र बिघडलं असेल.

शनिवार, ९ मार्च

यंत्र बिघडलेलं नाही, दुसरी एक जुनी बाटली लावून बघितली, ती जशीच्या तशी.

दवाखान्याच्या रक्ततपासणीच्या विभागात फोन केला. नाव सांगितलं नाही. विचारलं, असं एखादं स्टँडर्ड तुमच्याकडे कसं ठेवतात? एका मुलीने सांगितलं, रोजचं पातळ केलेलं यंत्रावरच असतं, बाहेर, महिनाभर पुरतं. कोण बोलतंय, असं तिने विचारलं आणि मी फोन ठेवला.

बाईंना सांगितलं तर नोकरी जाईल. नुसती जाणार नाही, खूण खोटी केली म्हणून दुसरीकडेही मिळणार नाही. अण्णा आहेत, घर आहे. सोमवारी सांगायचं. सोमवारी नक्की.

रविवार, १० मार्च

आज घरी लिहितेय. सकाळपासून स्वयंपाकघरातली कपाटं काढली, डबे धुतले, पुसले, लावले, पुन्हा काढले. अण्णा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, कोणी पाहुणे येणार आहेत का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग झुरळांना आधी नोटीस द्यायची, अशी एकदम धाड घालू नये. मला हसू आलं नाही. ते थोडा वेळ थांबले आणि गेले.

दुपारी त्यांना रक्तदाबाची गोळी दिली. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता हात पुढे केला, गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायले. कुठली गोळी, किती, काही बघितलं नाही. माझ्या हातातून आलेली म्हणून घेतली. मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

अण्णांना वाटतं माझी तब्येत बिघडलीय. संध्याकाळी त्यांनी भात केला. करपला होता. आम्ही दोघांनी करपलेला नाही असं दाखवत खाल्ला.

सोमवार, ११ मार्च

सांगितलं नाही.

दशांशला कळलंय. सकाळी माझ्या टेबलावर एक कोरी फाइल होती, वर काही लिहिलेलं नाही. आत तीन कागद, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारचे, मी यंत्रावर लावलेले नमुने. यंत्र सगळं साठवून ठेवतं हे मी विसरलेच होते. दुपारी तो माझ्याजवळ आला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, “ताई, यंत्र मी सकाळी पुन्हा तपासलं. यंत्र बरोबर आहे.” मग म्हणाला, “बाई आज चारपर्यंत खोलीत आहेत. त्यांच्याकडे कोणी नाही.”

धमकी आहे ही. मी चारपर्यंत गेले नाही तर तो जाणार. इतका गरीब दिसणारा मुलगा, आणि बघा. त्याने माझ्यासाठी चहाही आणून ठेवला होता, तो तसाच राहिला.

चार वाजता मी बाईंच्या दारापर्यंत गेले. आत त्या फोनवर कोणाशी तरी हसून बोलत होत्या. मी परत फिरले. दशांश मात्र बाईंकडे गेला नाही, साडेपाचला सरळ घरी गेला. काय डाव आहे कळत नाही.

मंगळवार, १२ मार्च

सांगितलं.

दहा वाजता आत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं बोलले, खोट्या खुणेसकट. बोलताना माझा आवाज कोणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता. मोठ्या बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी फक्त विचारलं की आम्ल कुठलं आणि किती. मी सांगितलं. त्यांनी फोन उचलला. मला वाटलं आता शिपायाला बोलावतात आणि मला बाहेर काढतात.

त्यांनी दवाखान्यात लावला. म्हणाल्या, “आमची बाटली वापरणं आत्ताच्या आत्ता थांबवा. तेरा फेब्रुवारीपासूनचा प्रत्येक आकडा संशयास्पद समजा. चूक आमची आहे. सही माझी आहे.” पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोलत होतं. त्या “हो” म्हणत राहिल्या. एकदा म्हणाल्या, “ओरडा, मी ऐकतेय.”

फोन ठेवल्यावर मला विचारलं, “तुझ्या लक्षात कधी आलं?”

मी म्हटलं, “काल.”

समोर अशा चुकांच्या नोंदीचा छापील अर्ज होता, त्यात त्या भरभर लिहीत होत्या. ‘कधी लक्षात आलं’ या रकान्यापाशी पेन थांबलं आणि तो रिकामाच ठेवून त्या पुढच्या रकान्यावर गेल्या. म्हणाल्या, “हे आपण नंतर भरू. आता जा, नवा माल धुवायला लाव.”

सही माझी आहे, हे त्यांनी असं का म्हटलं ते मला समजतंय. आपण फसवलो गेलो हे त्यांना सगळ्यांसमोर सिद्ध करायचंय. काम संपेपर्यंत मला ठेवतील आणि मग काढतील.

बुधवार, १३ मार्च

दवाखान्यात दिवस गेला. बाईंनी मला बरोबर नेलं. गाडीतून उतरताना म्हणाल्या, काही खाल्लंयस का? मी हो म्हटलं. त्यांनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. पुरावा गोळा करणारी माणसं अशीच गोड वागतात, असं कुठेतरी वाचलंय.

रक्ततपासणीचे डॉक्टर बुटके आहेत आणि रागाने त्यांचे कान लाल होतात. ते बाईंना बरंच बोलले. मग खुर्चीत बसले आणि डोकं धरून म्हणाले, आमच्याही कंट्रोलचे, म्हणजे माप आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचे, आकडे दोन आठवडे वर सरकत होते, आम्ही यंत्रावर ढकललं. त्यानंतर आवाज चढला नाही कोणाचा.

एकंदर अडतीस रोगी. प्रत्येकाचं रक्त गोठवून ठेवलेलं आहे, ते नव्या बाटलीने पुन्हा मोजायचं. धुतलेला माल उद्या तयार होईल. त्याच्यावर उरणारे ड्यूटेरियम तीनच, आणि तिन्ही घट्ट.

त्यांच्या यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक. शेजारी वय. एक वय नऊ होतं. मी त्या नऊवर हात ठेवून बसले. नंतर त्या मुलीने, जिने शनिवारी फोन उचलला होता तिने, मला पाणी दिलं. माझा आवाज तिने ओळखला की नाही कळलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

दोन दिवस आम्ही चौघं यंत्राला चिकटून होतो. बुटके डॉक्टर, ती मुलगी, मी आणि दशांश. दशांश रजा टाकून स्वतःच्या खर्चाने आलाय. मी त्याच्याशी कामापुरतं बोलते.

निकाल असा. अडतीसपैकी बत्तीस जणांची गोळी बदललेली नव्हती, त्यांच्या डॉक्टरांनी एका आकड्यावर विश्वास ठेवला नाही. सहा जणांची कमी केली होती. त्यातल्या पाच जणांना फोन करून गोळी पूर्ववत केली, ते बरे आहेत. नऊ वर्षांचं मूल त्या पाचांत आहे.

सहावा एक किल्लीवाला आहे. बसस्थानकाजवळ टपरीत किल्ल्या करून देतो. वय एकावन्न. त्याची गोळी फेब्रुवारीच्या शेवटी एकदा कमी केली होती. दुसऱ्यांदा केली ती ८ मार्चला. शुक्रवारी. सकाळी रक्त दिलं, दुपारी आकडा आला, संध्याकाळपासून गोळी अर्धी.

मला गुरुवारी कळलं होतं.

मंगळवारी रात्रीपासून त्याला लघवी होत नव्हती. बुधवारी दाखल केलं, आमच्या फोनमुळे कारण लगेच कळलं आणि इलाज सुरू झाला. मूत्रपिंड वाचेल की नाही, चार दिवसांनी सांगू म्हणाले. लवकर कळलं हे बरं झालं, असंही म्हणाले. लवकर.

घरी आले तर अण्णांनी काही विचारलं नाही. माझ्या चपला उचलून आत ठेवल्या.

मंगळवार, १९ मार्च

दवाखान्याने किल्लीवाल्याच्या बायकोला बोलावलं होतं, काय झालं ते सांगायला. तसा नियम आहे. बाई म्हणाल्या, तू आली नाहीस तरी चालेल. मी गेले. का गेले ते मला लिहिता येत नाहीये.

छोटी खोली, सहा खुर्च्या, टेबलावर रुमालांची पेटी. किल्लीवाल्याची बायको ठेंगणीच, हातात कापडी पिशवी, आत नवऱ्याचे कपडे. टपरीवर तीही बसते, बोटांच्या टोकांना पितळेचा काळपटपणा आहे. बुटक्या डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली. समस्थानिक, वलय, आम्लता. ती सगळं ऐकत राहिली. ते थांबले तेव्हा ती म्हणाली, “साहेब, माप चुकलं का?”

ते म्हणाले, हो.

“कोणाकडून?”

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं होतं. मी त्यांच्या आधी म्हटलं, “माझ्याकडून. शेवटची एक पायरी मी केली नाही आणि केली असं लिहिलं.”

ती माझ्याकडे वळली. रागावलेली दिसत नव्हती, नुसतं निरखत होती, कुलूप बघावं तशी. म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं?”

खोलीत सगळे होते. मोठ्या बाईंच्या मांडीवर तो अर्ज होता, रकाना अजून रिकामा. मला माहीत होतं की सोमवार म्हटलं तर कोणीही मला खोटी ठरवणार नाही. दशांश सोडून, आणि तो तिथे नव्हता.

मी म्हटलं, “गुरुवारी. सात तारखेला.”

“आणि सांगितलं?”

“मंगळवारी.”

तिने पिशवी मांडीवर ठेवली आणि बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. पाचवं बोट दुमडून मूठ तशीच ठेवली. म्हणाली, “शुक्रवारी गोळी अर्धी केली. रविवारी ते माझ्याबरोबर बाजारात होते. पिशवी त्यांनीच धरली होती. मला म्हणाले, बघ, आता गोळीसुद्धा कमी झाली, बरा होतोय मी.”

रविवारी मी डबे पुसत होते.

मी म्हटलं की मी घाबरले होते. हे सांगायचं नव्हतं, तोंडातून गेलं. तिने मान हलवली. “हो, असेल,” म्हणाली. क्षमा केली असं नाही. खरं असेल, एवढंच.

मग डॉक्टरांनी सांगितलं की कालपासून लघवी सुरू झालीय, मूत्रपिंड काम करतंय. पूर्वीइतकं नाही, कदाचित पूर्वीइतकं कधीच होणार नाही, पण चालतंय. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, पण फार वेळ नाही.

उठताना ती मला म्हणाली, “ते माप आता कोण बघतं?”

मी म्हटलं, अजून ठरलं नाही, मी कदाचित नसेन.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच बघा. आता तुम्हाला भीती वाटते ना, मग तुम्हीच बघा. आणि दर सोमवारी मला फोन करून सांगायचं, बाटली बरोबर आहे म्हणून. मला आकडे कळत नाहीत. बरोबर आहे, एवढंच सांगा.”

बुटके डॉक्टर म्हणाले, असं काही नियमात बसत नाही. मोठ्या बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “मी काही ऐकलं नाही.”

गाडीत त्यांनी अर्ज काढला आणि त्या रकान्यात सात मार्च लिहिलं. एवढा मोठा धक्का, पण चेहऱ्यावर त्यांनी काही दाखवलं नाही. मी म्हटलं, मी उद्यापासून येऊ नको का? त्या म्हणाल्या, “चौकशी होईल. सही माझी आहे, तेव्हा आधी माझी होईल, मग तुझी. तोवर काम आहे. आणि त्या मुलाला धन्यवाद दे.”

कुठल्या मुलाला, ते विचारायचं राहिलं.

बुधवार, २० मार्च

विचारलं. दशांशला. तो आधी लाल झाला. मग म्हणाला की सोमवारी ते कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवले, पण दुसरी प्रत काढली नव्हती. मंगळवारी दुपारी, मी बाईंना सांगून झाल्यानंतर, बाईंनीच त्याला बोलावून यंत्रातल्या तारखा मागितल्या. त्याने दिल्या. “मग त्यांना तेव्हाच...” मी म्हटलं. तो म्हणाला, “हो ताई. त्या म्हणाल्या, ती स्वतः सांगेल, तू गप्प बस.”

मी बराच वेळ तराजूच्या खोलीत बसले. मागची पानं वाचली. मी माणसांबद्दल काय काय लिहून ठेवलंय!

आज त्याचा चहा मी केला. शून्य पॉइंट पाच.

सोमवार, २५ मार्च

चौकशी चालू आहे. खुणेपुढे माझी एकटीची सही आता चालत नाही, प्रत्येक पायरीवर दुसऱ्या कोणाचा डोळा लागतो. बरोबर आहे ते. गाळताना हात अजून थरथरतात.

सकाळी नऊला दवाखान्यात गेले. त्यांच्या यंत्रावरचीच बाटली काढून लावली, तीन वेळा. तिन्ही वेळा तीन. एकही जागचा हलला नव्हता. तरी चौथ्यांदा लावली.

मग कागदावर लिहून घेतलेला तो नंबर फिरवला. फोन वाजत राहिला. उचलणार नाही असं वाटलं. मग कानशीने धातू घासल्याचा आवाज आला, आणि तो थांबला.

“बोला,” ती म्हणाली.

“बाटली बरोबर आहे.”

“स्वतः बघितली?”

“आत्ताच. चार वेळा.”

तिने पलीकडे कोणाला तरी हेच सांगितलं. एक पुरुषाचा आवाज काहीतरी म्हणाला, मला नीट ऐकू आलं नाही. ती परत फोनवर आली.

“आणि पुढच्या सोमवारी कोण बघणार?”

“मीच,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.